बीटा-ॲक्टिनचा एमआरएनए पेशीच्या काठावर कसा पोचतो: एका वाहक प्रथिनाचा प्रकरण अभ्यास

काचेवर वाढवलेला फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतली पेशी, सरकायला लागला की त्याचा एक काठ पातळ पदरासारखा पुढे पसरतो. हा पदर ढकलतात ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू. ॲक्टिन पेशीभर मुबलक असते. तरीही पेशी बीटा-ॲक्टिन (ॲक्टिनचा एक प्रकार) बनवण्याची कृतीच, म्हणजे त्याचा एमआरएनए, या काठाजवळ नेऊन ठेवते. १९८६ साली जीन लॉरेन्स आणि रॉबर्ट सिंगर यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या पेशींमध्ये हे पहिल्यांदा दाखवले. त्याच पेशींत व्हायमेंटिन या दुसऱ्या तंतू-प्रथिनाचा एमआरएनए केंद्रकाच्या आसपास रेंगाळत होता आणि ॲक्टिनचा काठाकडे गोळा झाला होता. पेशीद्रव म्हणजे सगळे रेणू सारखेच मिसळलेला रस्सा, ही समजूत तिथून ढळायला लागली. पुढे उंदराच्या आणि माणसाच्या पेशींतही हेच सापडले. सस्तन पेशीतल्या एमआरएनए वाहतुकीचे सर्वांत तपशिलात तपासलेले उदाहरण म्हणून हे प्रकरण इथे घेतले आहे.

पहिला संशय घ्यायचा तो असा: एमआरएनए स्वतःच्या पत्त्यावर जातो, की त्याच्यापासून बनणारे प्रथिन त्याला ओढून नेते? स्रावी प्रथिनांच्या बाबतीत दुसराच प्रकार घडतो. रायबोसोममधून बाहेर डोकावणारे टोक ओळखले जाते आणि सगळा लवाजमा अंतर्द्रव्यजालाकडे वळतो. बीटा-ॲक्टिनचे तसे नाही. औषध देऊन प्रथिननिर्मिती बंद केली तरी त्याचा एमआरएनए काठावर पोचतो. सायटोकॅलॅसिनने ॲक्टिनचे तंतू मोडले की मात्र तो विखुरतो, आणि सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या कोल्चिसिनने फारसा फरक पडत नाही. ही गोष्ट फायब्रोब्लास्टची. चेतापेशीत लांबचा प्रवास सूक्ष्मनलिकांवरूनच होतो. एका पेशीप्रकारातला निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवून केलेले वाद या क्षेत्रात बरेच झाले आहेत आणि त्यांतले निम्मे तरी टाळता आले असते.

पत्ता

१९९४ मध्ये सिंगर यांच्या प्रयोगशाळेने तो पत्ता शोधला. प्रथिनाची कृती जिथे संपते त्या थांबा-संकेताच्या लगेच पुढे, एमआरएनएच्या अननुवादित (प्रथिनात न उतरणाऱ्या) शेपटीत, ५४ अक्षरांचा, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचा, तुकडा. तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराच्या एमआरएनएला जोडला तर तोही काठाकडे जातो. ॲक्टिनशी त्याचा काही संबंध नाही, तरीही. या तुकड्याला त्यांनी झिपकोड म्हटले. आपण पिनकोड म्हणू.

५४ पैकी खरी कामाची अक्षरे थोडीच आहेत. मानवी जनुकात सी-जी-जी-ए-सी ही पहिली खूण थांबा-संकेतानंतरच्या दुसऱ्या अक्षरापासूनच सुरू होते. मग १७ अक्षरे जातात आणि ए-सी-ए-सी-सी-सी ही दुसरी खूण येते. उंदरात मधली अक्षरे बदललेली आहेत, दोन्ही खुणा मात्र जशाच्या तशा. २०१० आणि २०१२ मधल्या संरचना-अभ्यासांनी याचे कारण दिले. पत्ता वाचणाऱ्या प्रथिनाचे दोन भाग दोन खुणा पकडतात आणि मधला आरएनए सुमारे १८० अंशांत वळून प्रथिनाला वळसा घालतो. दोन खुणांमध्ये १० ते २५ अक्षरांचे अंतर चालते, शिवाय त्यांचा क्रम उलटला तरी पकड राहते. मधल्या अक्षरांना अर्थ नाही. त्यांना फक्त लांबी आहे.

यातून प्रयोगासाठी जनुकांचे तुकडे जोडताना एक व्यावहारिक धडा निघतो. जोडणी ‘स्वच्छ’ व्हावी म्हणून थांबा-संकेतापुढची पहिली आठ-दहा अक्षरे छाटून शेपटी क्लोन केली, तर पहिली खूणच कापली जाते. जोडणीच्या नकाशावर ‘बीटा-ॲक्टिनची शेपटी’ असे लिहिलेले राहते आणि रिपोर्टर, म्हणजे ही शेपटी जोडलेला चाचणीचा एमआरएनए, मात्र जागचा हलत नाही. उलट दिशेची चूकही होते. पाच अक्षरांची खूण आणि जवळपास एखादे सी-ए, एवढ्यावर संगणकात शोध घेतला तर असंख्य एमआरएनए सापडतात. त्यांतले बहुतेक या प्रथिनाचे गिऱ्हाईक नसतात. खुणा दुमडलेल्या आरएनएत लपलेल्या असतील तर अक्षरे जुळूनही उपयोग नाही.

पत्ता वाचणारे प्रथिन

१९९७ मध्ये पिनकोडला चिकटणारे सुमारे ६८ किलोडाल्टनचे प्रथिन वेगळे काढले गेले आणि त्याला झेडबीपी१ हे नाव मिळाले. सस्तन प्राण्यांतल्या त्याच्या रूपाचे आजचे अधिकृत नाव आयजीएफ२बीपी१. जुन्या लेखांत ते आयएमपी१, सीआरडी-बीपी अशा नावांनीही भेटते. नावांचा हा गोंधळ नुसता कंटाळवाणा नाही, खर्चिकही आहे. जनुकांच्या अधिकृत यादीत झेडबीपी१ हे नाव आता एका वेगळ्याच प्रथिनाचे आहे. ते झेड आकाराची न्यूक्लिक आम्ले ओळखते आणि विषाणू-संसर्गात पेशीला मरणाकडे ढकलते. ‘झेडबीपी१’ लिहून मागवलेली ॲन्टीबॉडी किंवा एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) त्या प्रथिनाविरुद्धची निघते, आणि ‘प्रथिन काढले तरी वाहतूक बिघडत नाही’ असा सुंदर पण निरर्थक निकाल हाती येतो. ऑर्डर देताना आयजीएफ२बीपी१ लिहावे. ॲन्टीबॉडी त्याच्या भावंडांना, विशेषतः आयजीएफ२बीपी३ ला, चिकटते का हेही वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकाराने वेगळी करून ॲन्टीबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, पाहून घ्यावे. तिघांची घडण खूप सारखी आहे.

मानवी प्रथिनात ५७७ अमिनो आम्ले आहेत. पुढच्या टोकाला दोन आरआरएम आणि त्यांच्यामागे चार केएच, असे आरएनए धरणारे सहा भाग. पिनकोडवरची पकड तिसऱ्या आणि चौथ्या केएचची. हे दोघे एकमेकांना पाठ लावून बसतात, म्हणूनच आरएनएला वळसा घ्यावा लागतो. पकड मोडायची असेल तर पूर्ण केएच कापून टाकू नये, कारण त्याने प्रथिनाची घडीच विस्कटते. प्रत्येक केएचमध्ये ग्लायसीन-क्ष-क्ष-ग्लायसीन असे एक वळण असते. मधल्या दोन जागी ॲस्पार्टेट बसवले की आरएनए सुटतो आणि घडी टिकते. नियंत्रण म्हणून हाच बदल जास्त विश्वासाचा.

केंद्रकापासून सुरुवात

वाहतूक पेशीद्रवात सुरू होते असे वाटते, पण गाठोडे केंद्रकातच बांधायला घेतले जाते. जनुकावरून आरएनए उतरत असतानाच झेडबीपी२ हे दुसरे प्रथिन त्यावर बसते. ते बहुतांशी केंद्रकातच राहते. त्याच्या मदतीने आयजीएफ२बीपी१ नव्या एमआरएनएवर चढते. केंद्रकाबाहेर पडल्यावर आयजीएफ२बीपी१ सोबत राहते, झेडबीपी२ मागे राहते.

बाहेरून टोचलेला किंवा प्रयोगनळीत बनवलेला आरएनए म्हणूनच वेगळा वागू शकतो. अक्षरे तीच असली तरी त्याला केंद्रकातले संस्कार मिळालेले नसतात. अशा आरएनएवरून ‘पिनकोड पुरेसा नाही’ असे ठरवण्याआधी तोच रिपोर्टर प्लाझ्मिड या डीएनएच्या कड्यावरून, म्हणजे केंद्रकातून जाऊ देऊन, तपासावा.

वाटेत गप्प, काठावर बोलते

आयजीएफ२बीपी१ ला नुसते वाहक म्हणणे अपुरे आहे. वाटेत हा एमआरएनए वाचला जाऊ नये याची जबाबदारीही त्याच्याकडे आहे. प्रथिननिर्मिती सुरू होताना रायबोसोमचा छोटा भाग एमआरएनएवर आधी बसतो, मग ६०एस हा मोठा भाग येऊन ८०एस पूर्ण होतो. आयजीएफ२बीपी१ हा दुसरा टप्पा अडवते. केंद्रकाजवळच ॲक्टिन बनायला लागले असते तर एमआरएनए काठापर्यंत नेण्याला अर्थच उरला नसता.

कुलूप उघडते सार्क हे किनेज. ते पेशीपटलाजवळ कार्यरत असते. आयजीएफ२बीपी१ च्या ३९६ व्या जागेवरच्या टायरोसीनला ते फॉस्फेट लावते. ही जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या केएचच्या मधल्या पट्टीत, तिसऱ्या केएचच्या अगदी उंबऱ्यावर आहे. फॉस्फेट लागले की आरएनएवरची पकड सैल होते आणि रायबोसोमला वाट मिळते. २००५ मध्ये हे दाखवताना त्या टायरोसीनच्या जागी फेनिलॲलनीन बसवले होते. अशा प्रथिनाला फॉस्फेट लागत नाही. ते एमआरएनए धरून बसते, सोडत नाही, आणि चेतापेशीसारख्या पेशींमध्ये तंतूंची वाढ खुंटते. पत्ता बरोबर, वाहक हजर, माल पोचला, पण गाठ सुटली नाही. प्रत्यक्ष प्रयोगात हा बिघाड सर्वांत उशिरा ओळखला जातो, कारण एमआरएनएचे चित्र अगदी निरोगी दिसते. ते चित्र समाधानकारक असूनही पदर पसरत नसेल तर नवे प्रथिन कुठे बनते ते स्वतंत्रपणे मोजावे.

गॅमा-ॲक्टिनशी तुलना केली की या सगळ्या खटाटोपाचा हेतू जास्त कोड्यात टाकतो. बीटा आणि गॅमा ॲक्टिन ३७५ अमिनो आम्लांपैकी फक्त चार ठिकाणी वेगळे आहेत, तीही सगळी पुढच्या टोकाशी. गॅमाच्या एमआरएनएला हा पिनकोड नाही. एकच प्रथिन वाटावे अशा दोघांपैकी पेशी एकाचीच कृती काठावर पाठवते. ताजे बनलेले, अजून कशालाच न चिकटलेले ॲक्टिन तंतूच्या टोकाशी जागेवर मिळावे, हे एक स्पष्टीकरण. शिवाय बीटा-ॲक्टिनच्या पुढच्या टोकाला आर्जिनीन जोडलेले टिकते, गॅमाला ते जोडले गेले तर ते प्रथिन लवकर मोडले जाते. स्थानिक निर्मितीचा फायदा नक्की कुठे दिसतो, हे फायब्रोब्लास्टच्या चिकटण्याच्या ठिकाणांवर जास्त ठळक आहे: एमआरएनए तिथे टिकला तर ती ठिकाणे स्थिर राहतात आणि पेशीची दिशा टिकते.

प्रवास म्हणजे नक्की काय

रुळावरून निघालेली मालगाडी डोळ्यांसमोर आणणारी आकृती पाठ्यपुस्तकांत असते. फायब्रोब्लास्टमध्ये जिवंत पेशीतले एकेक एमआरएनए पाहिले तर बहुतेक वेळ ते भरकटताना, म्हणजे विसरणाने हलताना दिसतात. सरळ धाव थोड्याच रेणूंची आणि तीही थोडा वेळ. काठाशी गोळा होण्यात अडकून राहण्याचा वाटा मोठा आहे. भरकटत आलेला रेणू तंतूंच्या दाट जाळ्यात धरला जातो आणि परत जात नाही. सीरमविना उपाशी ठेवलेल्या कोंबडीच्या फायब्रोब्लास्टना सीरम दिले की २ ते १० मिनिटांत एमआरएनए काठाकडे दिसू लागतो.

चेतापेशीत अंतरे वेगळी आहेत. संदेश घेणाऱ्या फांद्या, म्हणजे वृक्षिका, शेकडो मायक्रोमीटर लांब, संदेश पुढे नेणारा अक्षतंतू त्याहून कितीतरी पट. इथे भरकटून भागत नाही. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. १० मायक्रोमीटरला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभरपट १०० मायक्रोमीटरला. उंदराच्या चेतापेशींत बीटा-ॲक्टिनचे कण सूक्ष्मनलिकांवरून सेकंदाला साधारण १ मायक्रोमीटरच्या वेगाने धावताना दिसतात, थांबतात, उलटे फिरतात, पुन्हा निघतात. दोन्ही दिशांनी जाणारे कण जवळपास सारखेच असतात. बाहेरच्या दिशेला थोडे जास्त, एवढाच फरक. कायनेसिन कुटुंबातल्या मोटर-प्रथिनांशी जोड कोण देते, याची उत्तरे एकाहून जास्त आहेत. शुद्ध केलेल्या भागांपासून बनवलेल्या व्यवस्थेत एपीसी हे प्रथिन बीटा-ॲक्टिनचा एमआरएनए थेट धरते आणि केएपी३ मार्फत केआयएफ३ए-केआयएफ३बी या मोटरला जोडते. त्या नळीत आयजीएफ२बीपी१ नसले तरी गाडी चालते. पत्ता वाचणारा आणि गाडी ओढणारा एकच असायला हवा, असा नियम नाही.

मोजताना काय चुकते

स्थिर केलेल्या पेशींत एकेक एमआरएनए मोजण्यासाठी एकरेणू-फिश वापरतात: एमआरएनएला जुळणारे चमकणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रोब, त्यावर चिकटवतात. ४ टक्के पॅराफॉर्मलडिहाइडमध्ये १० ते २० मिनिटे पेशी स्थिर करायच्या, ७० टक्के इथेनॉलने किंवा ट्रायटॉनने पटल सच्छिद्र करायचे, मग सुमारे २० अक्षरांचे ३० ते ४८ रंगीत प्रोब १० टक्के फॉर्मामाइड आणि दुप्पट एसएससी या क्षार-द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर. प्रोबची जागा महत्त्वाची. बीटा आणि गॅमाचे प्रथिन घडवणारे भाग एकमेकांशी बरेच जुळतात. तिथले प्रोब वापरले तर न हलणारा गॅमा हलणाऱ्या बीटात मिसळतो आणि परिणाम फिका पडतो. प्रोब शेपटीवर ठेवावेत. मात्र पिनकोडची ५४ अक्षरे टाळावीत, कारण तिथे प्रथिन बसलेले असते.

दुसरी चूक नजरेची. पेशी मध्ये जाड असते, काठाला पातळ. सगळे थर एकावर एक ठेवून काढलेल्या चित्रात कुठलाही एमआरएनए केंद्रकाजवळ दाट दिसतो. पेशीद्रवभर पसरणारा रंग किंवा न हलणारा एखादा एमआरएनए त्याच पेशीत मोजून भागाकार केल्याशिवाय ‘काठाकडे’ या शब्दाला अर्थ नाही. डोळ्यांनी पेशींचे ‘गेले’ आणि ‘नाही गेले’ असे गट पाडण्याची जुनी पद्धत, मोजणाऱ्याला नमुना कुठला ते माहीत नसेल तरच, कामचलाऊ म्हणता येईल. त्याऐवजी एमआरएनएच्या गुरुत्वमध्याचे पेशीच्या मध्यापासूनचे अंतर पेशीच्या आकारमानाने भागून ध्रुवीकरणाचा निर्देशांक काढावा. २०१२ मध्ये आलेल्या या पद्धतीत एकेका पेशीचा आकडा मिळतो. मग पेशीच्या सरकण्याशी त्याचा संबंधही तपासता येतो.

जिवंत पेशीत पाहायचे तर एमएस२ पद्धत. एमआरएनएमध्ये विषाणूतल्या गाठीसारख्या २४ घड्या घालायच्या. प्रत्येक घडीवर आवरण-प्रथिनाचे जोडपे बसते, प्रत्येकाला जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले. म्हणजे एका एमआरएनएवर जास्तीत जास्त ४८ दिवे. बीटा-ॲक्टिनच्या मूळ जनुकातच या घड्या घातलेला उंदीर २०११ मध्ये तयार झाला, म्हणून रेणूंची संख्या नैसर्गिक राहते. अडचणी तरीही आहेत. जीएफपी जास्त बनले तर रिकामे दिवे पेशीद्रव उजळून टाकतात आणि कण दिसेनासे होतात. त्यासाठी आवरण-प्रथिनाला केंद्रकाकडे पाठवणारा संकेत जोडतात, म्हणजे रिकामे प्रथिन केंद्रकात जाऊन बसते. दुसरी अडचण, मूळ एमआरएनए मोडून गेल्यावर घड्यांचा दाट तुकडा उरू शकतो आणि तो ‘पोचलेला एमआरएनए’ म्हणून मोजला जातो. हे पकडायला घड्यांवर एका रंगाचे आणि प्रथिन घडवणाऱ्या भागावर दुसऱ्या रंगाचे प्रोब लावून दोन्ही ठिपके एकाच जागी येतात का ते पाहावे. या प्रयोगासाठी तो प्रोब त्या भागावर हवाच. गॅमाची भेसळ इथे अडचणीची नाही, कारण फक्त एकत्र येणारे ठिपके मोजायचे असतात.

सर्वांत फसवा प्रकार चेतापेशीत सापडला. चेतापेशींना उत्तेजित केले की वृक्षिकांमध्ये बीटा-ॲक्टिनचे ठिपके वाढतात. सरळ अर्थ असा वाटेल की एमआरएनए येऊन पोचला. २०१४ मध्ये ॲडिना बक्सबॉम, बिन वू आणि सिंगर यांनी दाखवले की न उत्तेजित केलेल्या पेशींनाही प्रथिन पचवणाऱ्या विकराचा हलका हात लावला तर तेवढेच जास्त ठिपके दिसतात. एमआरएनए आधीपासून तिथेच होता. प्रथिनांच्या दाट वेष्टणात तो इतका गुंडाळलेला होता की प्रोबही आत शिरू शकत नव्हते आणि रायबोसोमही. उत्तेजनाने वेष्टण थोडा वेळ सुटते, नंतर पुन्हा बांधले जाते. फिशमध्ये ठिपके वाढले की ‘वाहतूक वाढली’ असे लिहिण्याआधी विकर लावलेला जोड-नमुना हवाच. जुन्या कामांतले काही निष्कर्ष या कसोटीवर पुन्हा घासून पाहण्यासारखे आहेत.

वाहकच कमी पडला तर

उंदरातून हे जनुक काढून टाकले तर बरीच पिल्ले जन्माच्या आसपास दगावतात. जगलेली आकाराने सरासरी ४० टक्क्यांनी लहान राहतात आणि त्यांच्या आतड्याची घडण बिघडते. हा सगळा परिणाम ॲक्टिनच्या खात्यावर टाकता येत नाही. हे प्रथिन इतरही पुष्कळ एमआरएनए धरते. भ्रूणात त्याची पातळी भरपूर असते, जन्मानंतर झपाट्याने घसरते. प्रौढ ऊतीत वेस्टर्नवर पट्टा दिसला नाही तर ॲन्टीबॉडीला दोष देण्याआधी नमुन्याचे वय पाहावे.

या घसरणीचा परिणाम प्रौढ मज्जातंतूंत थेट दिसतो. २०११ मध्ये उंदरांच्या पाठकण्याजवळच्या संवेदी चेतापेशींत जीएफपीचा असा एमआरएनए बनवण्यात आला, ज्याला बीटा-ॲक्टिनची शेपटी पिनकोडसकट जोडली होती. जीएफपी स्वतः निरुपद्रवी. पण त्याच्या शेपटीने आधीच अपुरे असलेले वाहक प्रथिन अडवून धरले. अक्षतंतूत पोचणारा पेशीचा स्वतःचा बीटा-ॲक्टिन एमआरएनए कमी झाला, त्याच वाहकावर अवलंबून असलेला जीएपी-४३ या दुसऱ्या प्रथिनाचाही, आणि दुखावलेल्या तंतूची पुन्हा वाढ मंदावली. वाहक प्रथिन बाहेरून जास्त पुरवले तेव्हा हा परिणाम भरून निघाला.

वाहतूक पाहण्यासाठी घातलेला रिपोर्टर स्वतःच वाहतूक अडवतो, ही शक्यता म्हणूनच प्रत्येक प्रयोगात धरावी लागते. रिपोर्टर दुर्बळ प्रवर्तकावरून (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-तुकड्यावरून) बनवावा. पिनकोड मोडलेला जोड-रिपोर्टर तेवढ्याच प्रमाणात बनतो याची खात्री करावी. रिपोर्टर असलेल्या आणि नसलेल्या शेजारच्या पेशींत मूळ बीटा-ॲक्टिन एमआरएनए शेपटीवरच्या प्रोबने मोजता येणार नाही, कारण ती शेपटी दोघांचीही आहे. इथे प्रथिन घडवणाऱ्या भागातला, बीटा आणि गॅमा ज्या थोड्या जागी वेगळे आहेत तिथला प्रोब-संच शोधून काढावा लागतो.